गाडीला हॉल्टिंग मिळतं, ड्रायव्हरला काय?

घणसोलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आखूड करून देतो:

"माझे मिस्टर तुर्भ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नऊ वर्षं ट्रेलर चालवतात. मालकाच्या बारा गाड्या आहेत. उरणच्या बाजूच्या यार्डातून कंटेनर उचलायचा आणि भिवंडीच्या गोदामात सोडायचा. कधी नाशिक, कधी वापी. पगार थोडा, बाकी खेपेवर. सकाळी सहाला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी उजाडता घरी येतो, तीन तास पडतो न पडतो तोच फोन वाजतो. मागच्या महिन्यात पहाटे मुंब्रा बायपासवर त्यांचा डोळा लागला आणि गाडी कठड्याला घासली. कुणाला लागलं नाही, पण दुरुस्तीचे पैसे मालकाने पगारातून कापले. वर म्हणाला, 'यार्डात सात तास झोपलाच होतास की, मग झोप येतेच कशी?' तेव्हापासून मी पहाटे तीनला उठून त्यांना फोन लावते आणि भिवंडी येईपर्यंत बोलत राहते. ड्रायव्हरच्या कामाच्या तासांना काही कायदा आहे का? रांगेतला वेळ खरंच आरामात धरतात का? बोलायला गेलो तर नोकरी जाईल. मुलगी दहावीला आहे. काय करावं?"

ताई,

सगळ्यात आधी तो पहाटेचा फोन बंद करा. तुम्ही जिवाच्या आकांताने करताय, हे कळतं मला. पण बोलत राहिल्याने झोप जात नाही, फक्त झोप आल्याचं कळत नाही. माणूस "हं, हं" करत राहतो आणि त्या दोन "हं"च्या मधे मेंदू तीन सेकंद बंद पडतो. डोळे कधी कधी उघडेच असतात. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे जवळजवळ त्यांच्या ट्रेलरच्या लांबीइतकी. तीन सेकंदांत पन्नास मीटर, आणि तेवढा वेळ स्टेअरिंगवर कुणीच नाही. शिवाय हातात फोन धरून गाडी चालवणं हा गुन्हा आहे. उद्या काही झालंच, तर कॉल रेकॉर्डवर तुमचाच नंबर निघेल. त्यापेक्षा त्यांना सांगा, डोळा जड झाला की पुढचा पेट्रोल पंप नाहीतर ढाबा पकडायचा, गाडी लावायची, अर्धा कप चहा प्यायचा आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. चहाचा असर व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच, तोवर झोपेचा एक तुकडा पदरात पडतो. मग मालकाचा फोन आला तर येऊ दे. काच खाली करणं, तोंडावर पाणी मारणं, गाणी मोठ्याने लावणं, यातलं काहीही दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही.

आता कायद्याचं. कायदा आहे. नवा नाही, 1961 पासून आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम. (तो आता नव्या संहितेत गेलाय, ते पुढे सांगतो.) त्यात लिहिलंय: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांच्या वर काम नाही, त्याआधी किमान अर्ध्या तासाची सुट्टी. सुट्टी धरून दिवसाचा एकूण पसारा, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, बारा तासांच्या आत. आणि एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग किमान नऊ तासांची विश्रांती. नऊ तास, आणि तेही सलग. तुमच्या घरी ते तीन झालेत.

"लांबची गाडी आहे, आम्हाला हे लागू नाही" असं मालक लोक सांगतात. लांब पल्ल्याला सवलत आहे, पण ती दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांपर्यंतच, आणि तीही सरकारी प्राधिकाऱ्याची मंजुरी घेऊन. मंजुरीचा कागद मागून बघा. वाटेत गाडी बंद पडली, रस्ताच बंद झाला, तर तेवढ्यापुरती मोकळीक आहे. रोजच्या खेपांना ती नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 91 मध्येही माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचे तास याच कायद्याप्रमाणे धरायला सांगितलंय. ठरलेल्या तासांबाहेर कुणी काम करू नये आणि कुणी करवूनही घेऊ नये, असं तिथे आहे. "करवून घेऊ नये" हे शब्द मालकासाठी आहेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1961 चा कायदा त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, 2020 मध्ये सामावला गेला. "जुना कायदा गेला, आता काही नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आठ तास तिथेही आहेत. जादा कामाला दुप्पट दराने पैसे तिथेही आहेत, आणि जादा काम कामगाराच्या संमतीनेच घ्यायचं, हेही तिथे लिहिलंय. आठवड्यात सहा दिवसांच्या वर काम नाही. वाहतूक खोळंबू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तरी सलग दहा दिवसांच्या वर ताणता येत नाही. मधली सुट्टी आणि पसारा किती हे संहितेत सरकार अधिसूचनेने ठरवतं, आणि जुने नियम या बदलाच्या काळात चालू ठेवलेत. एक फरक मात्र झाला. जुना कायदा पाच कामगार असले तरी लागू व्हायचा, संहितेत हा आकडा दहा आहे. तुमच्या मालकाच्या बारा गाड्या म्हणजे ड्रायव्हरच दहाच्या वर, तेव्हा तुम्हाला चिंता नाही. दोन-चार गाड्यांच्या मालकाकडे काम करणाऱ्यांचं काय, याचं मला फार वाईट वाटतं. कारण सगळ्यात जास्त रात्री तीच माणसं काढतात.

आता तुमच्या पत्रातला खरा प्रश्न. रांगेतला वेळ.

ताई, मी स्वतः अकरा वर्षं कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्या सोडायचं काम केलंय. "सात तास झोपलाच होतास की" हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकलंय आणि, खोटं कशाला बोलू, चार-पाच वेळा बोललोयही. एकदा पहाटे साडेचारला एक ड्रायव्हर किल्ली द्यायला आला. पाणी मागितलं. मी ग्लास दिला, तो बाकावर बसला आणि ग्लास हातात धरूनच झोपला. ग्लास कलला, पाणी पँटीवर सांडलं, पार गुडघा भिजला, तरी जाग नाही. माझ्या दुसऱ्या हातात त्याच्या पुढच्या खेपेची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, तयार होती. मी त्याला हलवून उठवलं आणि बिल्टी दिली. तो गेला. नीट पोचला, दोन दिवसांनी परतही आला. पण त्या दिवशी मी त्याला उठवायला नको होतं. तो आदल्या दिवशी कितीला निघाला होता, हे मला माहीत होतं. तोही यार्डाच्या रांगेत "झोपला" होता.

कायदा काय म्हणतो बघा. "कामाचे तास" म्हणजे ज्या वेळात कामगार मालकाच्या हुकमतीखाली असतो तो वेळ. त्यात गाडी चालती असण्याचा वेळ आला. त्याला जोडून येणारी कामं आली, म्हणजे कागदपत्रं, सह्या, गाडी ताब्यात घेणं आणि जागेवर लावणं, देखभाल, माल चढवणं-उतरवणं. आणि गाडी "चालती असण्याचा वेळ" ही व्याख्या तर मुद्दाम वाचण्यासारखी आहे. दिवसाच्या सुरुवातीला गाडी सुरू झाल्यापासून दिवसाच्या शेवटी ती थांबेपर्यंतचा सगळा वेळ यात येतो. मधला थांबा वजा करायचा, पण तो ठरावीक मुदतीपेक्षा मोठा असेल आणि त्या वेळात ड्रायव्हर आपल्या मर्जीप्रमाणे वेळ घालवायला मोकळा असेल, तरच. हीच व्याख्या नव्या संहितेतही आली आहे.

"आपल्या मर्जीप्रमाणे." यार्डाच्या रांगेत तुमचे मिस्टर मर्जीचे मालक असतात का? दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढची गाडी सरकते, तेव्हा त्यांनाही गाडी पुढे घ्यावी लागते. नाही घेतली तर मागचे हॉर्न वाजवतात आणि नंबर जातो. गाडी सोडून जेवायला जाता येत नाही, कारण डिझेल, बॅटरी, कागद, सगळ्याची जबाबदारी त्यांची. गेटवरून नंबर पुकारला आणि हजर नसले तर शिव्या त्यांनाच. घणसोली जेमतेम तीस किलोमीटरवर, पण घरी येऊन दोन घास खायची सोय नाही. याला मोकळा वेळ कुणी म्हणू शकत नाही. मालक आणखी एक मुद्दा काढेल, तोही आधीच सांगतो. नुसतं हाकेची वाट बघत बसणं पंधरा मिनिटांपर्यंतच कामात धरतात, असं एक कलम आहे. पण ते कलम टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याबद्दल आहे. इंजिन सुरू करून, पुढे घेऊन, परत बंद करायचं, असं दिवसभरात पंचवीस वेळा करणं म्हणजे नुसती हजेरी नव्हे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला आत बसून कळली. गाडी यार्डात किंवा गोदामावर ठरल्यापेक्षा जास्त थांबली की ट्रान्सपोर्टवाला पार्टीला, म्हणजे माल ज्याचा आहे त्या गिऱ्हाइकाला, हॉल्टिंग लावतो, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे. बिलात वेगळी ओळ असते. म्हणजे पार्टीला सांगताना तो म्हणतो, "माझी गाडी तुमच्या कामात अडकली होती." आणि ड्रायव्हरला सांगताना म्हणतो, "तू आराम करत होतास." एकाच वेळाचे हे दोन हिशेब आहेत. गाडी कामावर होती तर गाडीचा माणूसही कामावरच होता. मालकाशी बोलायची वेळ येईल तेव्हा कायद्याच्या कलमांआधी हे बोला. हे त्याला लगेच समजेल, कारण ते बिल त्याने स्वतः केलेलं असतं.

तुम्ही लिहिलेला दिवस मी कागदावर मांडून पाहिला. सकाळी सहाला तुर्भ्यात किल्ली. आठला यार्डाची रांग. दुपारी तीनला कंटेनर चढला. मग कळंबोली, तळोजा, कल्याण फाटा करत येईपर्यंत ठाण्यात अवजड गाड्यांना बंदीची वेळ, म्हणून कडेला उभं. रात्री उशिरा मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली. भिवंडीत गोदामाचं गेट उघडायला अडीच-तीन तास, माल उतरवून घ्यायला दोन. परत तुर्भे. चोवीस तास झाले. यात स्टेअरिंग हातात धरून चाललेली गाडी सहा तासांपेक्षा जास्त नसेल, अंतर जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मालक म्हणणार, एवढ्याशा अंतराला कसली दमणूक? पण शरीर किलोमीटर मोजत नाही, शरीर जागरण मोजतं. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात 100 मिलीला 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंद होतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. तुमच्या मिस्टरांचा डोळा लागला तेव्हा त्यांना जागून बावीस तास झाले होते. वर पहाटे दोन ते पाच ही वेळ, जेव्हा चांगला झोपलेला माणूसही जड होतो. त्यांना निष्काळजी म्हणू नका, आणि त्यांनाही स्वतःला म्हणू देऊ नका.

आता करायचं काय.

शंभर पानी वही घ्या, शाळेची, साधी. केबिनमध्ये ठेवायची. रोजच्या पानावर चार-पाच वेळा नुसती वेळ आणि जागा लिहायची: किल्ली घेतली, रांगेत लागलो, गाडी भरली, गोदामावर पोचलो, किल्ली दिली. शेवटी एक ओळ, "झोप किती". निळ्या पेनाने, त्या त्या वेळी. रात्री आठवून नाही. त्याला जोड म्हणून बाकीचे कागद असतातच. यार्डाच्या गेटपासवर आत-बाहेरच्या वेळा छापून येतात, गोदामाच्या पोचपावतीवर शिक्का आणि वेळ असते, नाशिकला गेले तर पडघ्याचा आणि वापीला गेले तर चारोटीचा फास्टॅग बोलतो. या प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो, आणि तो त्याच दिवशी तुमच्या फोनवर. पगार आणि भत्ता रोखीत मिळत असेल, तर मिळालेली रक्कमही त्याच वहीत. नेमणूक पत्र बहुतेक दिलेलं नसेल. संहितेप्रमाणे ते द्यावंच लागतं, तेव्हा मागायचं. ते हातात आलं की "हा माझा माणूसच नाही" असं म्हणायची सोय मालकाला राहत नाही.

दोन महिने वही भरू द्या. मग मिस्टरांनी एकट्याने जाऊ नये. बारा गाड्यांचे बारा ड्रायव्हर, त्यातल्या चार जणांनी तरी वही ठेवली आणि चौघं मिळून गेले, तर बोलण्याला वजन येतं आणि कुणा एकावर डूख धरणं अवघड होतं. भांडायला जायचं नाही. मागायचं एवढंच: रात्री माल उतरवला तर किल्ली दिल्यापासून नऊ तास फोन नको, आणि यार्डाची रांग लांबली तर भिवंडीच्या रात्रीच्या टप्प्याला दुसरा ड्रायव्हर. 2018 पर्यंत नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर फिरायची परवानगी असलेल्या, गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवायची अट होती, ती काढली गेली. मला तो निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. पण अट गेली म्हणून दुसरा ड्रायव्हर ठेवायला बंदी नाही. बारा गाड्यांमागे दोन बदली ड्रायव्हर ठेवले तरी बरंच सुटतं. मालक "ई-वे बिल संपतं", म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन परवान्याची मुदत संपते, असं म्हणाला, तर साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि अडचण आली तर मुदत वाढवूनही मिळते. भिवंडीच्या खेपेला ही सबब चालत नाही.

कापलेल्या पैशांबद्दल. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी कामगाराला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि कपातीची नोंद ठेवावी लागते. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. तुमच्याकडे यातलं काही झालेलं दिसत नाही. बावीस तास जागं ठेवून मग ड्रायव्हरचा निष्काळजीपणा म्हणायचा, हे टिकणारं नाही. किती कापले, कोणत्या महिन्यात, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

नोकरीच्या भीतीबद्दल मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मालक चिडू शकतो. दोन-चार आठवडे वाईट खेपा देऊ शकतो. काढूनही टाकू शकतो, आणि तक्रारीचा निकाल लागायला वेळ लागतो. म्हणून तर आधी वही, आधी सोबती, मग बोलणं. तरीही ऐकलं नाही तर ठाण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज, वहीच्या झेरॉक्स जोडून, पोच घेऊन. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कारखान्या-धंद्यातल्या कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा नंबर 15100. तुम्ही स्वतः फोन करू शकता, त्यासाठी मिस्टरांची सुट्टी लागत नाही. आणि ताई, तुर्भे, कळंबोली, तळोजा, भिवंडी या पट्ट्यात नऊ वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस मिळत नाही म्हणून ऑफिसं ओरडत असतात. नोकरी जाईल या भीतीइतकीच, हा ड्रायव्हर जाईल ही भीती तुमच्या मालकालाही आहे.

दुसरी भीती मात्र खरी धरा. पहाटे कुणाच्या अंगावर गाडी गेली तर पहिला गुन्हा स्टेअरिंगवरच्या माणसावर दाखल होतो. निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे "मालकाने पाठवलं" हे सांगायला पुरावा लागतो. वही तिथेही उपयोगी पडते.

घरातलं थोडं. दिवसा झोपायचं तर खोली अंधारी हवी, जाड चादर खिडकीला लावली तरी चालेल. फोन त्यांच्या उशाशी नको, तुमच्याकडे ठेवा. मालकाचा आला तर तुम्ही उचला आणि शांतपणे सांगा, "झोपलेत, तीनला उठतील." पहिल्या वेळी जड जाईल. मुलीला दहावीच्या अभ्यासाला त्या वेळात दुसरी जागा बघा, शेजारी किंवा वाचनालय. आणि मिस्टर मोठ्याने घोरत असतील, घोरता घोरता श्वास अडकल्यासारखा होऊन दचकत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. तो झोपेतला श्वासाचा आजार असू शकतो, आणि तो असला तर आठ तास पडूनही झोप पुरत नाही. चाळिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करून द्यायची आहे. तीही मागा.

वही आजच आणा. पहिल्या पानावर नाव, लायसन्स नंबर, गाडी नंबर, आणि उद्या सकाळी किल्ली घेतील ती वेळ.